साताऱ्याहून तंजावरला: गाइड घेऊन एका दिवसाची सहल कशी ठरवावी

तंजावरला मी दोनदा गेले. पहिल्या खेपेला बुधवार होता. बृहदीश्वराच्या मोठ्या देवळाच्या दारात पोचायला पावणेबारा वाजले आणि पाऊण तासात तिथल्या माणसानं आम्हाला बाहेर काढलं. देऊळ साडेबाराला बंद होतं ते थेट चारला उघडतं, हे गाडी ठरवून देणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. मग गाइडनं चित्रांच्या दुकानात नेऊन दीड तास बसवलं. तिथून सुटलो तर सरस्वती महाल या जुन्या ग्रंथालयाला कुलूप, कारण बुधवारी सुट्टी. परतीच्या वाटेवर नणंद म्हणाली, "वहिनी, एवढ्या लांब येऊन आपण नेमकं बघितलं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पिशवीत मात्र मान डोलावणारी दोन बाहुली होती.

दोन वर्षांनी पुन्हा गेले, तेव्हा सगळं स्वतः ठरवलं. त्यानंतर ओळखीतल्या पाच-सहा घरांना फोनवर तेच तेच सांगितलंय, म्हणून आता एकदाच लिहून काढते.

आधी माझं थोडं. भूमी अभिलेख खात्यात एकतीस वर्षं नोकरी केली, त्यामुळे मोडी वाचता येते आणि जुने कागद दिसले की हात शिवशिवतात. शिवाय मी साताऱ्याची. आमच्याकडे तंजावर म्हणजे चुलत घर. शहाजीराजे आणि तुकाबाई यांचे चिरंजीव व्यंकोजीराजे, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ, यांनी १६७५च्या सुमारास तंजावर घेतलं आणि त्यांच्या वंशानं तिथे पावणेदोनशे वर्षांहून जास्त गादी चालवली. साताऱ्याची गादी इंग्रजांनी १८४८ला खालसा केली, तंजावरची १८५५ला. कारण दोन्हीकडे तेच: गादीला औरस वारस नाही. आम्ही शाळेत पहिलं वर्ष पाठ केलं, दुसरं कुणी शिकवलंच नाही.

सहल ठरवताना गाडी, हॉटेल, जेवण हे सगळं मागाहून. पहिल्यांदा स्वतःला विचारा, आपल्याला तिथे काय बघायचंय? तंजावर हे एकावर एक चढलेल्या तीन राजवटींचं गाव आहे. खाली चोळ, मध्ये नायक, वर मराठे. तिथल्या गाइडचा नेहमीचा फेरा चोळांचा असतो, आणि ते बरोबरच आहे, कारण जग ते देऊळ बघायला येतं. तुम्हाला मराठ्यांचं तंजावर बघायचं असेल तर ते फोनवरच सांगावं लागतं. ऐनवेळी देवळात उभं राहून "अहो, आमच्या भोसल्यांचं काय?" असं विचारलं, की गाइड राजवाड्याकडे बोट दाखवतो आणि घड्याळ बघतो.

मुक्काम आम्ही त्रिचीला केला, म्हणजे तिरुचिरापल्लीला. विमानतळ आहे, हॉटेलं भरपूर आहेत आणि आदल्या दिवशी श्रीरंगमचं देऊळ बघायचं होतं. तिथून तंजावर साठ किलोमीटरच्या आत, गाडीनं सव्वा तास. चेन्नईहून येणार असाल तर रात्रीची उळवन एक्स्प्रेस सकाळी थेट तंजावरला उतरवते. मग गाडी फक्त गावातल्या गावात लागते आणि बरीच स्वस्त पडते.

त्रिचीहून गाडी घेताना एक गफलत हमखास होते. तुम्हाला 'आठ तास, ऐंशी किलोमीटर' हा दर सांगतात आणि तो ऐकायला बरा वाटतो. पण नुसतं जाऊन येणंच एकशे दहा-पंधरा किलोमीटर होतं, वर गावातलं फिरणं. म्हणजे संध्याकाळी जादा किलोमीटर आणि जादा तास यांचं बिल हातात पडतं. तेव्हा सरळ पूर्ण दिवसाचा, दीडशे किलोमीटरचा दर मागा. त्यात टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता धरलाय का, तेही विचारा. भत्त्याला तिकडे 'बाटा' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या यांना वाटलं, ड्रायव्हर चपलांबद्दल बोलतोय. ठरलेला दर मेसेजवर लिहून घ्या. ड्रायव्हरला 'अण्णा' म्हणा. तमिळमध्येही अण्णा म्हणजे थोरला भाऊच, त्यामुळे निदान हाक मारण्यापुरती तरी भाषेची अडचण येत नाही.

गाइड मात्र गाडीवाल्याकडून घेऊ नका. गाडीवाल्याचा गाइड म्हणजे बहुतेकदा दुकानांचा गाइड. सरकारमान्य गाइडकडे ओळखपत्र असतं, ते आहे का विचारा. हॉटेलातून दोन-तीन नंबर मिळतात. आदल्या दिवशी प्रत्येकाला स्वतः फोन करा आणि मी विचारले तसे दोन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: देवळाच्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असं म्हणतात, ते खरं का? शिखर सुमारे २१६ फूट उंच आहे आणि त्याची सावली पडते, चांगली लांबलचक पडते, सकाळी आणि संध्याकाळी कुणालाही दिसते. तरी ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. पहिल्या खेपेच्या गाइडनं ती मला सावलीतच उभं करून सांगितली होती. "होय मॅडम, ग्रेट मिस्ट्री" असं उत्तर आलं तर आभार मानून पुढचा नंबर लावा.

दुसरा प्रश्न: देवळातला मराठी शिलालेख दाखवाल का? 'आहे कुठेतरी' म्हणणाऱ्याला तो माहीत नसतो. तिसऱ्या फोनला मला जे गृहस्थ मिळाले ते सावलीच्या प्रश्नावर मोठ्यानं हसले आणि शिलालेखाचं नाव काढताच इंग्रजी सोडून एकदम मराठीत आले. ती मराठी आपली नव्हे. चाल तमिळ, मधेच एखादा शब्द थेट बखरीतला. तंजावर भागात अशी मराठी कुटुंबं अजून आहेत, घरात मराठी बोलतात, दारात तमिळ. त्यांच्या नावापुढे राव आहे, तसं तिथल्या बऱ्याच मराठी माणसांच्या असतं, म्हणून इथे त्यांना नुसतं राव म्हणते. निवृत्त शाळामास्तर, पायात साधी चप्पल, हातात छत्री. असा मराठी बोलणारा गाइड प्रत्येकाला मिळेलच असं नाही, बहुतेक जण इंग्रजीतच बोलतात. पण सावलीचा प्रश्न कुठल्याही भाषेत चालतो.

पैसे आधी ठरवा, पूर्ण दिवसाचे, दुपारच्या जेवणासकट. आणि त्याच फोनवर सांगून टाका, "दुकान नको." यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. दुकानात नेलं की गाइडला कमिशन मिळतं, हे त्यालाही माहीत असतं आणि तुम्हालाही. मी रावांना म्हटलं, दुकानात जेवढं सुटतं तेवढं मी वर धरते, पण तो दीड तास मला द्या. त्यांनी कमिशनचा आकडा सांगितला नाही, दीड तास दिला.

आता दिवस. त्रिचीतून साडेसहाला निघा. नाश्ता तंजावरला पोचून करा आणि इडलीबरोबर कडप्पा मिळत असेल तर सोडू नका. नाव गावाचं वाटतं, पण ही बटाटा आणि मुगाच्या डाळीची पातळ भाजी, या तंजावर-कुंभकोणम पट्ट्याची खासियत. आठच्या आत देवळात शिरलं पाहिजे. चपला बाहेर ठेवाव्या लागतात आणि दहानंतर फरशी अशी तापते की माणसं उड्या मारत चालतात. जाड मोजे न्या. माझ्या नणंदेनं पहिल्या खेपेला फोड आणले होते, दुसऱ्या खेपेला तिनं दोन जोड आणले. आत जायला पैसे पडत नाहीत. गाभाऱ्याचे फोटो काढू देत नाहीत, आवारातले काढता येतात.

देऊळ पहिल्या राजराज चोळानं बांधलं, १०१० साली पुरं झालं, सगळं ग्रॅनाइटचं. १९८७पासून जागतिक वारसा यादीत आहे. समोरचा एकाच दगडातला प्रचंड नंदी मात्र नायकांच्या काळातला. हे सगळं कुठल्याही माहितीपुस्तकात मिळेल, त्यामुळे गाइडचा वेळ त्यावर घालवू नका. त्याला सांगा, मला जोत्यावरची अक्षरं वाचून दाखवा.

माझी खरी सहल तिथे सुरू झाली. देवळाच्या जोत्यावर चारी बाजूंनी तमिळ लेख कोरलेत. देवाला कुणी काय दिलं, दागिन्यांचं वजन किती, कोणत्या गावचा सारा देवळाला लावून दिला, सगळं आहे. राजराजानं ठिकठिकाणच्या देवळांतून आणवलेल्या चारशे नर्तकींची नावंही आहेत. नुसती नावं नाहीत. प्रत्येकीला राहायला दिलेलं घर कुठल्या आळीत, कुठल्या ओळीत, कितवं, हेसुद्धा. आणि प्रत्येकीच्या वाट्याला वर्षाचं भात किती. मी रावांना थांबवलं, म्हटलं, अहो, हे तर प्रॉपर्टी कार्ड आहे! आमच्या सिटी सर्व्हेच्या ऑफिसात असंच असतं, फक्त कागद फाटलेले असतात. हजार वर्षांपूर्वीच्या कारकुनानं काम इतकं नीट केलंय की बदलीवर आलेला कुणीही दुसऱ्या दिवशी टेबल सांभाळेल. मी तिथे पाऊण तास घालवला. हे खांबाला टेकून डुलक्या काढत होते.

मग नैर्ऋत्येकडचा कोपरा. तिथे गणपतीचं देऊळ आहे, तंजावरच्या भोसल्यांपैकी दुसऱ्या सरफोजीराजांनी जीर्णोद्धार केलेलं. त्याच बाजूला प्राकाराच्या भिंतीवर भोसल्यांच्या वंशाचा इतिहास मराठीत कोरलाय. साल १८०३, राजे तेच. मी मोडीची जय्यत तयारी करून गेले होते, वहीत वळणं गिरवून. आणि लेख निघाला बाळबोधीत, म्हणजे आपल्या देवनागरीत. ज्याला सातवीचं पुस्तक वाचता येतं तो हा लेख वाचू शकतो, सावकाश का होईना. हे आधी कळलं असतं तर पहिल्या खेपेला त्या पाऊण तासात गाइडला सोडून मी इकडेच धावले असते.

वाचायची युक्ती सांगते. ओळीच्या सुरुवातीला जाऊन सलग वाचायच्या फंदात पडू नका, थकाल. आधी ओळखीचं नाव शोधा. शहाजी, शिवाजी, एकोजी. एकोजी म्हणजेच व्यंकोजी. नाव सापडलं की त्याच्या आजूबाजूला वाचा, नजर बसते. अक्षरात सावली भरावी म्हणून फोनची बॅटरी बाजूनं, तिरकी धरा. अक्षरांवर पाणी, खडू, पावडर काहीही लावू नका, हातही नको. लेख खूप मोठा आहे, एका दिवसात पुरा होत नाही.

मी मोठ्यानं वाचायला लागले. राव शेजारी उभे. दोन-तीन ओळी झाल्यावर लक्षात आलं की ते भिंतीकडे बघतच नाहीत, डोळे मिटून ऐकताहेत. त्यांना देवनागरी वाचता येत नाही. घरी मराठी, शाळेत तमिळ, आणि मराठी चिठ्ठी लिहायची तर तीही तमिळ अक्षरांत. बावीस वर्षं लोकांना ही भिंत दाखवताहेत, पण लेख त्यांनी कानानं कधी ऐकला नव्हता. "अर्धं कळतं," म्हणाले. मलाही अर्धंच कळत होतं, पण माझं अर्धं आणि त्यांचं अर्धं वेगळं होतं. एखादा शब्द मला अडे तो त्यांच्या आजीच्या तोंडचा निघे.

साडेदहाला बाहेर पडा, कॉफी घ्या आणि अकराला राजवाड्यात पोचा. राजवाडा मूळ नायकांचा, मराठ्यांनी वाढवला. प्रत्येक भागाचं तिकीट वेगळं काढावं लागतं, तेव्हा सुटे पैसे हाताशी ठेवा. रंगवलेल्या खांबांचा मराठा दरबार बघा आणि कलादालनातल्या चोळकालीन ब्राँझमूर्ती बघा. बाकीच्या खोल्यांत तलवारी आणि धुरकट काचा आहेत, तिथे पाय ओढत फिरू नका. जीव राखून ठेवा सरस्वती महालासाठी.

सरस्वती महाल म्हणजे ग्रंथालय. सुरुवात नायकांच्या काळातली, पण त्याला आजचं रूप दिलं दुसऱ्या सरफोजीराजांनी. हा राजा मला फार आवडतो. इंग्रजांनी १७९९च्या तहानं राज्य जवळजवळ सगळं काढून घेतलं, हाती किल्ला आणि तनखा उरला. दुसरा कुणी असता तर कुढत बसला असता, यानं पुस्तकं जमवली. छापखाना काढला आणि १८०६ साली इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या, तेव्हा आपल्याकडे पुण्यात अजून पेशवाई होती! डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसकट ठेववल्या. स्वतःच्या पुस्तकांवर इंग्रजीत सही करायचा. संस्कृत, तमिळ, मराठी, तेलुगू मिळून हजारो हस्तलिखितं इथे आहेत, ताडपत्रांवर आणि कागदावर. मोडीचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे आहेत.

फक्त अपेक्षा नीट ठेवा. आपल्यासारख्यांना उघडं असतं ते छोटं संग्रहालय, काचेच्या पेट्यांमधलं. हस्तलिखित हातात मिळत नाही. अभ्यासासाठी बघायचं असेल तर आधी पत्र लिहून परवानगी घ्यावी लागते, आणि ते एका दिवसाच्या सहलीचं काम नव्हे. संग्रहालय अर्ध्या तासात होतं. माणसाच्या चेहऱ्यांशेजारी प्राण्यांचे चेहरे काढलेली फ्रेंच चित्रं आहेत, ती जरूर बघा. आपल्या ऑफिसातले निम्मे लोक त्यात भेटतात. मग ग्रंथालयानं छापलेली पुस्तकं विकतात तिथे जा, मराठीही असतात. मी बाहुल्यांऐवजी या वेळी पुस्तकं आणली, पिशवी मात्र चांगलीच जड झाली.

दुपारी एक ते तीन तंजावर निजतं. कलादालनही बंद असतं. त्यामुळे केळीच्या पानावर सावकाश जेवा. सांबाराचा शोध इथल्याच मराठा राजवाड्यात लागला, आमसुलं संपली म्हणून आमटीत चिंच घातली आणि पाहुण्या संभाजीराजांच्या नावावरून त्याला सांबार म्हणू लागले, ही गोष्ट तुम्हाला सांगतीलच. मी रावांना विचारलं, पुरावा? ते म्हणाले, "सावलीसारखाच." गोष्ट म्हणून गोड आहे, भातावर ओतून घ्यावी.

तीननंतर दोन पर्याय. एक, शिवगंगा तलावाजवळचं श्वार्ट्झचं चर्च. सरफोजींना शिकवणारा हा पाद्री १७९८ला वारला. त्याच्या मृत्युशय्येजवळ राजा उभा आहे असं संगमरवरी शिल्प आत आहे, फ्लॅक्समन नावाच्या इंग्रज शिल्पकाराचं. भोसल्यांचा राजा इंग्रजी शिल्पात पगडी घालून उभा, असं दृश्य दुसरीकडे कुठे बघायला मिळणार? दार बंद असेल तर शेजारी विचारा, कुणीतरी किल्ली आणतं. दोन, गावाबाहेर पाच-सहा किलोमीटरवरची पुन्नैनल्लूरची मारियम्मा. वारुळाच्या मातीची मूर्ती आणि भोसल्यांचं श्रद्धास्थान. रविवारी तिथे जाऊ नका, गर्दी फार. तिरुवैयारू, दारासुरम, कुंभकोणम ही नावं गाडीवाला 'जवळच आहे' म्हणून पुढे करील. हो म्हटलंत की दिवस गाडीत जातो.

महिन्याचं म्हणाल तर जानेवारी-फेब्रुवारी. तिकडचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, आपल्या उलटा. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी नंदीला भाज्या-फळांनी मढवतात. ते बघण्यासारखं असतं, पण त्या दिवशी शिलालेख वाचायचं मनातही आणू नका. प्रदोषाच्या संध्याकाळीही नंदीभोवती पाय ठेवायला जागा नसते, निघण्यापूर्वी कॅलेंडर बघा.

आणि पाच वाजता पुन्हा देवळात या. दगड निवलेला असतो, पोरं अंगणात पळत असतात, शिखर मधासारखं दिसतं. सावली पूर्वेला पसरलेली असते, पाहिजे तर पावलांनी मोजा. आम्ही सव्वासहापर्यंत थांबायचं ठरवलं होतं. रावांचे पैसे दिले, थोडे वर धरलेले. त्यांनी मोजले, वरचे वेगळे काढून परत माझ्या हातात ठेवले आणि खिशातून फोन काढला. "अक्का, सकाळी वाचलं ते पुन्हा वाचाल? आईला ऐकवायला न्यायचंय. ती आता घराबाहेर पडत नाही."

मग परत त्या कोपऱ्यात गेलो. मी वाचत होते, राव फोन धरून, हे तिरकी बॅटरी धरून, नणंद येणाऱ्या-जाणाऱ्यांना बाजूनं जायला सांगत. एका ठिकाणी मी चुकले, तर रावांनी खूण करून मागची ओळ पुन्हा घ्यायला लावली. वीस मिनिटांत आठ-नऊ ओळी झाल्या असतील. त्रिचीला पोचायला साडेआठ झाले आणि गाडीवाल्यानं एका तासाचे जादा पैसे लावले. तेव्हा गाडी ठरवताना तेरा नव्हे, चौदा तासांची ठरवा.